टेंबे रेघ आणि हातोदचा ट्रॅक्टर

इंदूरच्या आमच्या मंडळींत नवा सभासद आला की त्याला सगळ्यात आधी टेंबे रेघ शिकवतात. आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी आपापल्या जीपगाड्या घेऊन कच्च्या रस्त्यांनी, नाल्यांतून, टेकड्यांवरून भटकतो. एखादी गाडी रुतते, मग दुसरी तिला लांब पट्ट्याने ओढून काढते. ओढण्याआधी कोणीतरी पावलं मोजत जातो आणि बुटाच्या टाचेने जमिनीवर रेघ मारतो, पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरावर. ड्रायव्हर सोडून बाकी सगळे रेघेबाहेर. ताणलेला पट्टा तुटला तर चाबकासारखा येतो, पण रेघेपर्यंत पोहोचत नाही. सगळे बाहेर गेले की रेघ मारणारा मोठ्याने सांगतो, "टेंबे रेघ हो गई." मगच गाडी गिअरमध्ये पडते.

रेघेला नाव माझ्या मित्राचं, सुरेश टेंबेचं. बावीस वर्षांपूर्वी गाडी ओढताना तो ताणलेल्या दोराजवळ उभा राहिला आणि डावा गुडघा कायमचा अधू करून बसला, अशी गोष्ट आहे. ती दर सहलीच्या सकाळी सांगितली जाते. कोणी रेघेच्या आत पाय टाकला तर मागून आवाज येतो, "भिया, टेंबे मत बनो." टेंबे स्वतः हजर असला तर सगळ्यात मोठ्याने तोच हसतो.

ही गोष्ट अर्धी खोटी आहे, आणि खोटा भाग मी रचलेला आहे. मी विनायक पागे, वय त्र्याहत्तर, पीथमपूरच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालो.

नव्या लोकांसाठी एक छोटी पुस्तिका करायचं शलाकाने मनावर घेतलं. शलाका मूळची साताऱ्याची, चार वर्षांपासून इथे एका ऑफिसात आहे आणि सध्या आमच्या सहली तीच चालवते. ती म्हणाली, टेंबे रेघेचा इतिहास तुम्हीच लिहा काका, त्या दिवशी तिथे तुम्हीच होतात. मी हो म्हटलं. तीन आठवडे कागद पुढ्यात घेऊन बसलो आणि 'टेंबे' या शब्दापलीकडे गेलो नाही. मग दिवाळीनंतरची दोन दिवसांची सहल ठरली. टेंबे येणार होता. मी मनाशी पक्कं केलं, या दोन दिवसांत आधी त्याला सांगायचं, मग लिहायचं. माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यातून एक लोखंडी हूक काढला, जुन्या निळ्या मोज्यात गुंडाळला आणि पिशवीच्या तळाशी ठेवला.

महूचे पोहे

शनिवारी सकाळी टेंबेला घ्यायला रामबाग मोहल्ल्यात गेलो. कुमुदवहिनी फाटकातच उभ्या होत्या, हातात डबा, थर्मास आणि सूचना. टेंबेला त्या सहलीला पाठवतात ते एकाच अटीवर: माझ्या गाडीतून.

"भावजी, तुम्ही आहात म्हणून सोडते," त्या म्हणाल्या. "स्टेअरिंगला हात लावू देऊ नका यांना."

बावीस वर्षं त्यांनी टेंबेला गाडी चालवू दिलेली नाही. डॉक्टरांनी परवानगी देऊन जमाना झाला. स्टुलावर चढून बल्ब बदलायलाही बंदी आहे आणि गिझर पेटवायलाही. त्यांचं म्हणणं एकच, दोर ताणलेला असताना बाजूला व्हावं एवढं ज्याला कळलं नाही, त्याच्यावर घर कसं सोपवायचं. मी फाटकाशी उभा राहून मान हलवतो. त्याही दिवशी हलवली.

महूच्या अलीकडे एका टपरीवर गाड्या थांबल्या. आम्ही तीन गाड्या होतो: पुढे शलाकाची, मध्ये माझी जुनी जीप, मागे दीपू भियाची नवी कोरी. दीपू टाइल्सचा व्यापारी, जन्माने इंदुरी, घरी हिंदी बोलतो पण आमच्यात राहून त्याला मराठी सगळं कळतं. त्याच्या गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा एक चकचकीत स्टीलचा गोळा होता. ट्रेलर नव्हता आणि घेण्याचा विचारही नव्हता. गोळा छान दिसतो म्हणून बसवून घेतला, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

पोहे आले. वाफेवरचे, वर मूठभर शेव, जिरावण मसाला आणि बाजूला जिलबी. शलाका म्हणाली, इंदूरला आल्यावर पहिल्या महिन्यात मला वाटायचं, ही जिलबी चुकून दुसऱ्याची आली. साताऱ्याला पोह्यांवर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. शेव घालणं म्हणजे पाहुणे वाढले आणि पोहे कमी पडले असा अर्थ. टेंबेने तिला समजावलं की इंदुरात शेवेवरून माणसाची पत कळते. त्याच्या घरी चाळीस वर्षं कुमुद माझ्या बशीत त्याच्यापेक्षा जास्त शेव घालते, म्हणजे घराचा जावई कोण हे उघड आहे.

मग दोन नव्या सभासदांसाठी गोष्ट सुरू झाली. शलाकाने नेटकी सांगितली, दीपूने मागे दोर सुटल्याचा अभिनय केला, आणि टेंबेने पँट वर करून गुडघा दाखवला. नव्या बाईंनी विचारलं, दुखतं का हो अजून? टेंबे म्हणाला, फक्त गोष्ट सांगताना. सगळे हसले. मी दुसरी जिलबी घेतली, जी मला नको होती.

घाट उतरून

महू मागे पडलं की माळवा हळूहळू संपतो. सपाट काळी शेतं, कापून झालेल्या सोयाबीनचे पिवळे खुंट, आणि मग एकदम जमीन पायाखालून निघून जाते. घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की खाली नर्मदाकाठचा निमाड दिसतो, धुरकट आणि ऊबदार. आमच्या माळव्यात त्या दिवशी स्वेटर लागत होता. खाली उतरलो तेव्हा सगळ्यांचे स्वेटर मागच्या सीटवर पडले होते. शेतांत कापूस फुटला होता आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांवरही त्याचे पुंजके अडकले होते.

उतारावर मी पहिला प्रयत्न केला. "टेंब्या, तुला तो दिवस कितपत आठवतो?"

त्याला विचारावं लागलं नाही की कुठला. म्हणाला, "सकाळी तू माझी चप्पल घालून आला होतास. मग एकदम दवाखान्यातला पंखा. मधलं सगळं कोरं." "पण यार पाग्या, तुझी सगळी सहल वाया घालवली मी. आठ दिवस तू माझ्या उशाशी. त्याचं मला अजून वाईट वाटतं."

पुढच्या वळणावर मी गिअर चुकवला. तो लगेच म्हणाला, दे इकडे, मी चालवतो, कुमुदला कोण सांगतंय. लायसन्स त्याने दर वेळी गुपचूप नवं करून घेतलंय, हे मला त्या दिवशी कळलं. मी नाही म्हटलं, वहिनींना शब्द दिलाय. ज्या कारणासाठी मी त्याला नाही म्हणत होतो, ते कारणच खोटं होतं, हे त्या गाडीत एकट्या मला माहीत होतं.

दुपारी नदीच्या कोरड्या पात्रात शलाकाची गाडी वाळूत बसली. हे मुद्दाम लिहितो, कारण असं करायचं असतं. पट्टा कोणी काढलाच नाही. आतली माणसं खाली उतरली. फावड्याने चारी चाकांपुढची वाळू सारली, चाकांतली हवा थोडी सोडली, दोन फळ्या खाली सरकवल्या आणि गाडी आपली आपण वर आली. अर्ध्या वेळा ओढायची गरज पडत नाही, दहा मिनिटं खोदायचा कंटाळा केला म्हणून पडते. आमच्या काळी आम्ही खोदत नसू. खोदणं म्हणजे हार, असं आम्हाला वाटायचं, आणि त्यातही फोरमनला फार.

पिशवीतला मोजा

मुक्काम एका भिलाला आदिवासी कुटुंबाच्या अंगणात होता. घर टेकडीवर, शेजारचं घर दुसऱ्या टेकडीवर. तिकडे रामबागेत शेजाऱ्याच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. इथे शेजाऱ्याला बोलवायचं तर हाक मारून थांबावं लागतं, हाक दरी ओलांडून पोहोचेपर्यंत आणि उत्तर परत येईपर्यंत. घरच्या आजींनी आमच्यासाठी खाटा टाकल्या आणि कोण सगळ्यात म्हातारा ते विचारून त्याची खाट चुलीच्या जवळ ठेवली. मी टेंबेपेक्षा पाच महिन्यांनी मोठा. टेंबेने गुडघा दाखवून दाद मागितली, पण आजींनी ती मान्य केली नाही. गुडघा सगळ्यांचाच दुखतो, म्हणाल्या.

जेवायला दाल-पानिये होते. मक्याच्या पिठाच्या जाड टिकल्या पळसाच्या पानांत दाबून शेणीच्या आरावर भाजतात. पान जळतं, त्याचा वास पिठाला लागतो. आमच्याकडे कणकेचे बाफले आधी उकडतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात, आणि खाणाराही दुपारभर बुडतो. पानिये खाऊन मात्र चालता येतं. दीपूने नऊ खाल्ले आणि तरी तो बाफल्यांचीच बाजू घेत होता.

जेवणानंतर टेंबे आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. शब्द तोंडाशी आले होते. तेवढ्यात वहिनींचा फोन आला. टेंबेने औषध घेतलं का, हे त्यांनी त्याला न विचारता मला विचारलं. माझा निश्चय तिथेच विरघळला.

सकाळी टेंबेचे मोजे दवात भिजलेले निघाले. मी दात घासत होतो. वळून बघतो तर त्याने माझ्या पिशवीत हात घातलेला आणि निळा मोजा वर काढलेला.

"यात काय दगड भरलास?"

"नारळ फोडायला ठेवलाय," मी म्हणालो.

त्याने मोजा हातात तोलला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि परत ठेवला. निवृत्तीनंतर माणूस बिघडतो, म्हणाला. बावीस वर्षांनंतर संधी माझ्या पिशवीतून त्याच्या हातात आली होती, आणि मी नारळ म्हणालो. त्या सकाळी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती. आता घरी जाईपर्यंत काही होणार नाही, हेही कळून चुकलं.

हातोदच्या अलीकडे

परतताना पुन्हा वर चढलो, बेटम्याला कचोरी खाल्ली आणि मोठा रस्ता सोडून हातोदच्या दिशेने शेतांमधल्या गाडीवाटेला लागलो. अवघड रस्ते सगळे मागे पडले होते. दीपूच्या घरी दुपारी पाहुणे यायचे होते, म्हणून तो पुढे निघाला. दोन दिवस नद्या आणि घाट पार करून आलेली ती नवी गाडी एका शेतकऱ्याच्या गव्हाच्या बांधाशी, घरापासून तासाभरावर, काळ्या मातीत बसली.

माळव्याची काळी माती कोरडी असली की दगड आणि ओली असली की लोणी. शेतात पाणी सोडलेलं होतं, पाइपाचा सांधा गळत होता आणि वाट हातभर मऊ झाली होती. गाडी पुढून खाली गेली आणि मागच्या बंपरपर्यंत चिखल आला. शेताचे मालक मांगीलालजी पाणी बघायला आले होते, ते आम्हाला बघायला आले. साठीचा माणूस, डोक्याला पंचा. आपल्याच पाण्याने पाहुणे अडकले याचं त्यांना वाईट वाटलं. ते घरी गेले आणि ट्रॅक्टर घेऊन आले.

"अब्बी निकाल दाँ, बाऊजी," ते म्हणाले. "दो मिनट को काम है."

गाडी मागे ओढायची होती. खोदूया का, असं शलाका म्हणाली, पण दीपूने घड्याळ दाखवलं. बंपरखाली चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच, पक्का बसवलेला ओढायचा हूक असतो, तो चिखलात बुडाला होता. गोळा मात्र चिखलाच्या वर, स्वच्छ, हाताशी. दीपूने पट्ट्याचं एक टोक त्या गोळ्यावर चढवलं आणि दुसरं ट्रॅक्टरला लावलं. शलाकाने पावलं मोजली आणि टाचेने रेघ मारली. आम्ही सगळे तिच्या बाहेर गेलो. टेंबे तर काठी टेकत आणखी चार पावलं मागे. दीपू गाडीत बसला, काचा वर केल्या.

"टेंबे रेघ हो गई," शलाकाने सांगितलं.

सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. मी त्या पट्ट्याच्या रेषेत नजर नेली. एका टोकाला तो गोळा. दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टरच्या सीटवर मांगीलालजी, गाडीकडे पाठ करून बसलेले, मागे ना काच ना पत्रा. अंगात फक्त सदरा. रेघ त्यांच्यासाठी नव्हतीच. आणि हूक कुठे लावला ते कोणीच बघितलं नव्हतं, कारण आमच्या नियमांत हूक बघणं नव्हतं. आमचे नियम एका गोष्टीतून आले होते आणि त्या गोष्टीतून हूक मी काढून टाकला होता.

मांगीलालजींनी गिअर टाकला. मी हात वर केला.

कोणाचाही हात वर गेला की सगळं थांबवायचं, एवढा एक नियम आमच्यात चांगला आहे. शलाकाने दोन्ही हात पसरले. ट्रॅक्टर थांबला. पट्टा पुन्हा सैल झाला.

मी म्हणालो, गोळ्यावरून पट्टा काढा. दीपूने काच खाली केली. "काका, कंपनी का माल है. दो टन का ट्रेलर खींचता है."

ट्रेलर चाकांवर चालतो, मी सांगितलं. रुतलेली गाडी जमिनीने धरलेली असते. तिला झटका दिला की सगळा जोर त्या गोळ्याच्या मानेवर येतो. ती तुटली की गोळा पट्ट्यासकट सुटतो आणि सरळ ओढणाऱ्याकडे जातो.

शलाका म्हणाली, "पण तुम्ही हे कधी बोलला नाहीत काका. तुम्हाला कसं माहीत?"

मी जीपकडे गेलो, पिशवी उघडली आणि मोजा काढला. टेंबेने तो लांबूनच ओळखला. "नारळ फोडतोस की काय?"

मी हूक काढून त्याच्या हातात दिला. मग सगळ्यांसमोर सांगितलं. मराठीत सुरू केलं, मांगीलालजींकडे बघून हिंदीत गेलो, पुन्हा मराठीत आलो.

बावीस वर्षांपूर्वी नाल्यात रुतली होती ती टेंबेची जीप, आणि ओढत होती ती माझी. दोर माझ्या बंपरच्या हुकाला होता. हूक मी स्वतः एका संध्याकाळी घरी वेल्डिंग करून बसवला होता. खालचा पत्रा गंजलेला होता आणि जोड आतपर्यंत लागला नव्हता. मला ते दिसलं होतं. वरून रंग मारला. त्या सकाळी टेंबेने विचारलं होतं, हूक नीट आहे ना रे? फोरमनला असं विचारतात याचा मला राग आला. त्याच्या गाडीत पाणी शिरून इंजिन बंद होतं, म्हणून मीच त्याला म्हणालो, बाहेर उभा राहा, पुढच्या चाकाकडे लक्ष ठेव. तो मी सांगितलं तिथे उभा होता. मी झटका दिला, हूक माझ्या बंपरवरून निघाला आणि दोरासकट त्याच्या गुडघ्यावर गेला. पडताना त्याचं डोकं दगडावर आपटलं.

बाकीची मंडळी वळणापलीकडे जेवणाची तयारी करत होती. मी त्यांना हाक मारली. ती धावत येईपर्यंत गवतातून हूक उचलून माझ्या सीटखाली टाकला होता. काय झालं, विचारलं कोणीतरी. दोर सुटला, मी म्हणालो, आणि हा जवळ उभा होता. दवाखान्यात टेंबे शुद्धीवर आला आणि त्यानेही मलाच विचारलं. मी तेच सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे माझंच चुकलं. मी नाही म्हणालो नाही. पुढच्या हंगामात रेघेला त्याचं नाव दिलं, तेही मीच.

पाइपाच्या सांध्यातून पाणी गळत होतं, त्याचा आवाज येत होता. मांगीलालजी ट्रॅक्टरवरून उतरले, गाडीच्या मागे गेले आणि त्या चकचकीत गोळ्याकडे बघत राहिले. मग एका हाताने स्वतःची पाठ चाचपली. "तो फिर नीचे से बाँधाँ, बाऊजी," ते म्हणाले, आणि फावडं आणायला गेले.

टेंबे हूक फिरवून फिरवून बघत होता. तुटलेल्या बाजूवर त्याने अंगठा फिरवला.

"अर्धाच जोड लागलाय."

"हो."

"हे तुला तेव्हाच दिसलं होतं."

"बसवतानाच दिसलं होतं."

त्याने हूक खिशात घातला. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी वाट बघत होतो, खरं तर मला त्या हव्या होत्या. तो काठी टेकत माझ्या जीपपर्यंत गेला, डावा पाय हाताने उचलून आत ठेवला आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसला.

दीपूची गाडी निघायला पाऊण तास लागला. मागचा चिखल खोदला, चाकांमागे सोयाबीनचं भुसकट आणि चपटे दगड दाबले, चासीचा हूक मोकळा करून धुतला, त्याला पट्टा लावला आणि पट्ट्यावर ओलं बारदान टाकलं, म्हणजे तुटलाच तर उसळी मारणार नाही. शलाकाने दोन्ही टोकं स्वतः हाताने ओढून बघितली. ट्रॅक्टर झटका न देता चालत्या बैलासारखा पुढे गेला आणि गाडी मागे आली, कुरकुर न करता. मांगीलालजींनी सगळ्यांना चहा पाजला. दीपू पाहुण्यांना फोनवर सांगत होता, "जिंदा हूँ, बस लेट हूँ."

टेंबे चहालाही उतरला नाही. शलाकाने त्याचा पेला खिडकीतून दिला. मी जवळ गेलो तर म्हणाला, "चावी दे."

मी दिली. डांबरी रस्ता लागेपर्यंत त्याने गाडी चालवली, पायी माणूस पुढे जाईल इतक्या हळू. तीनदा बंद पाडली. चौथ्यांदा क्लच बरोबर सुटला तेव्हा त्याच्या तोंडावर हसू आलं, पण ते माझ्यासाठी नव्हतं. डांबरी आल्यावर त्याने स्वतःच गाडी बाजूला घेतली आणि जागा बदलली.

"कुमुदला तू सांगायचं," तो म्हणाला. "मी शेजारी बसेन. तोंड उघडणार नाही."

रामबाग

वहिनींनी दार उघडलं, टेंबेला वरपासून खालपर्यंत बघितलं, सगळा जागेवर आहे अशी खात्री केली आणि मला म्हणाल्या, दमलात भावजी, बसा, पोहे टाकते. मी म्हटलं, आधी ऐका. टेंबेने खिशातून हूक काढून टेबलावर ठेवला.

दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही गेलं. त्या पदराचं टोक हातात धरून उभ्याने ऐकत होत्या.

"म्हणजे हे तिथे उभे होते, ते तुम्ही सांगितलं म्हणून?"

"हो."

त्या टेंबेकडे वळल्या. "आणि तुम्हाला काही आठवत नाही, हे मला इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं," टेंबे म्हणाला. तोंड न उघडायचा निश्चय एवढाच टिकला. "तू म्हणालीस, चुकलेला माणूस असंच म्हणतो."

वहिनी आत गेल्या. कांदा चिरल्याचा आवाज आला, फोडणीचा आला. आम्ही दोघं त्या हुकाकडे बघत बसलो. दोन बशा बाहेर आल्या. टेंबेच्या पोह्यांवर शेवेचा ढीग होता. माझ्या पोह्यांवर काही नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी तसेच खाल्ले. टेंबे आपली शेव कुरकुर वाजवत खात होता, जरा जास्तच वाजवत.

खाऊन झाल्यावर वहिनी त्याला म्हणाल्या, "मोरीतला बल्ब गेलाय आठ दिवस झाले. स्टूल आत आहे."

टेंबे त्यांच्याकडे बघत राहिला. मग उठला. मी स्टूल धरायला त्याच्या मागे निघालो.

"तुम्ही बसा भावजी," वहिनी म्हणाल्या. "मी धरते."

हे लिहून मी शलाकाला दिलं आहे. पुस्तिकेत किती घ्यायचं ते तिने ठरवावं. रेघेचं नाव बदलूया, असं मी सुचवलं होतं. टेंबेने विरोध केला, म्हणाला, एवढ्या वर्षांनी मी बरोबर जागी उभा होतो असं ठरलंय, आता नाव का सोडू? दीपूने मात्र भर घातली. हल्ली पट्टा लावला की रेघेच्या आधी एक जण गाडीखाली वाकतो, टोकं हाताने ओढून बघतो, आणि बाकीचे विचारतात, "पागे देख लिया?" मी हजर असलो तर सगळ्यात मोठ्याने हसायचं काम आता माझं. अजून नीट जमत नाही. टेंबे म्हणतो, सवय होते.

रविवारी मी रामबागेत जातो. वहिनी पोहे देतात, तब्येत विचारतात, शेव घालत नाहीत. गेल्या रविवारी माझ्या बशीत कडेला शेवेचे चार तुकडे होते. टेंबे म्हणाला, माझ्या बशीतले उडाले असतील. वहिनी आत होत्या. मी ते चार तुकडे शेवटपर्यंत बाजूला ठेवले आणि मग एकेक करून खाल्ले.